गाडीत एक्स्ट्रा गेज डिस्प्ले लावायचाय? जागा, माउंट आणि वायरिंगची सोपी माहिती

बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये इंजिन किती तापलंय हे आकड्यात दिसत नाही. निळा दिवा म्हणजे इंजिन थंड, लाल दिवा म्हणजे जास्त तापलं. मधलं काहीच कळत नाही. भर उन्हात घाट चढताना लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घ्यायलाही धड जागा सापडत नाही. म्हणूनच अनेक जण बाहेरून छोटा गेज डिस्प्ले विकत घेऊन गाडीत लावतात.

डिस्प्ले घेणं सोपं आहे. खरा प्रश्न आहे तो कुठे आणि कसा बसवायचा हा. चुकीच्या जागी चिकटवलेला डिस्प्ले अपघातात तुम्हालाच इजा करू शकतो. त्यामुळे या लेखात आपण सगळ्यात जास्त वेळ जागेवर देणार आहोत.

डिस्प्लेला आकडे कुठून मिळतात?

आजचे बहुतेक डिस्प्ले ओबीडी पोर्टला जोडले जातात. हा १६ पिनांचा पोर्ट साधारणपणे स्टीअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तो असतोच, आणि २०१३ नंतरच्या बऱ्याच बीएस-४ गाड्यांतही मिळतो. इंजिनचा आरपीएम, कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, टर्बो गाडी असेल तर बूस्ट, अशी माहिती तिथून मिळते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीत जो सेन्सर नाही, त्याचा आकडा ओबीडी दाखवू शकत नाही. उदाहरणार्थ, अनेक गाड्यांत ऑइल प्रेशरसाठी फक्त एक स्विच असतो. प्रेशर फारच कमी झालं तर तो दिवा लावतो, पण आकडा देत नाही.

आधी फोनवर तपासा

डिस्प्लेवर पैसे घालण्याआधी ब्लूटूथवाला ओबीडी ॲडॉप्टर लावा आणि फोनमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप उघडा. तुमची गाडी कोणते आकडे देते ते लगेच कळेल. बहुतेक गाड्यांत गरम झालेल्या इंजिनच्या कूलंटचं तापमान ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा कोणता, हे आठवडाभर बघून ठेवा. तो माहीत असेल तरच पुढे डिस्प्लेचा उपयोग होईल.

जागा निवडताना इथे लावू नका

- स्टीअरिंगच्या मधोमध: ड्रायव्हरची एअरबॅग इथूनच उघडते.
- डाव्या सीटसमोरचा डॅशबोर्ड: तिथे इंग्रजीत 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलेलं असेल तर त्या भागावर आणि आसपास काहीही चिकटवू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तिच्या वाटेत आलेली वस्तू थेट माणसाच्या अंगावर फेकली जाते.
- काचेच्या बाजूचा खांब, म्हणजे ए-पिलर: इंटरनेटवर इथे गोल गेज लावलेले फोटो भरपूर दिसतात. पण गाडीत कर्टन एअरबॅग असेल तर ती छताच्या कडेने या खांबापर्यंत येते. खांबाच्या कव्हरवर एअरबॅगची खूण असेल तर हा पर्याय सोडून द्या. नुसतं कव्हर उघडून वायर आत ढकलणंही धोक्याचं आहे.
- समोरची काच: रस्ता झाकला जातो, आणि रात्री डिस्प्लेचं प्रतिबिंब काचेत दिसत राहतं.

मग लावायचं कुठे?

बहुतेक गाड्यांत दोन जागा चांगल्या पडतात. एक, मूळ मीटरच्या हुडच्या बाजूला, डॅशबोर्डवर खाली. दुसरी, मधल्या एसी व्हेंटजवळ. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. त्यामुळे नजर रस्त्यावरून डिस्प्लेवर आणि परत रस्त्यावर चटकन यायला हवी.

जागा ठरवायला पुठ्ठा घ्या, डिस्प्लेच्या मापाचा तुकडा कापा आणि मास्किंग टेपने लावा. नेहमीच्या सीटवर बसून तपासा: बॉनेटच्या पुढचा रस्ता झाकला जातोय का? आरसा, मीटरमधले दिवे दिसतात का? स्टीअरिंग पूर्ण वळवताना हात लागतो का? घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही बसवून बघा. उंची बदलली की नजरेची रेषाही बदलते. दोन-तीन दिवस पुठ्ठा तसाच ठेवून गाडी फक्त उभी असतानाच नाही, तर दिवसा आणि रात्री चालवून बघा.

माउंट कशाचा बनवायचा?

गोल गेजचं सगळ्यात प्रचलित माप ५२ मिलिमीटर आहे, त्यासाठी तयार पॉड मिळतात. चौकोनी किंवा वेगळ्या आकाराच्या डिस्प्लेला थ्रीडी प्रिंट करून माउंट बनवता येतो. पाठीमागे प्लग आणि वायरच्या वळणासाठी तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा.

इथे मटेरियल फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जाऊ शकतो. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये सर्रास वापरलं जाणारं पीएलए साधारण ६० अंशांनाच मऊ पडतं, म्हणजे माउंट वाकणार. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास टिकतं. एबीएस आणि एएसए जवळपास १०० अंशांपर्यंत आकार धरून राहतात. त्यातही एएसए ऊन चांगलं सोसतं. प्रिंट करून देणाऱ्याला ऑर्डर देतानाच मटेरियल सांगा.

चिकटवण्यासाठी चांगल्या प्रतीचा दुहेरी फोम टेप वापरा. त्याआधी डॅशबोर्डचं पॉलिश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नाहीतर टेप धरणारच नाही. कोपऱ्यात आधी थोडं लावून रंग जात नाही ना ते बघा. टेपची पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तोवर डिस्प्ले बसवू नका.

फक्त टेपवर विसंबू नका. जोरदार धडकेत एखाद्या वस्तूवर तिच्या वजनाच्या तीसपट जोर आला, तर १५० ग्रॅमचा डिस्प्ले साडेचार किलोच्या दगडासारखा सुटेल. शक्य असेल तिथे टेपसोबत क्लिप किंवा खाचेत अडकणारा भाग ठेवा.

वायरिंग

- ओबीडीच्या १६ नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही करंट असतो. समजा डिस्प्ले बंद गाडीत १०० मिलिॲम्पिअर खातोय. दिवसाला २.४ ॲम्पिअर-तास गेले. ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत रिकामी! म्हणून डिस्प्ले आपोआप बंद होतो ना, ते तपासा.
- वेगळा करंट लागत असेल तर चावी फिरवल्यावरच चालू होणारा फ्यूज शोधा आणि फ्यूज टॅप वापरा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजना हात लावू नका.
- पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या प्लगच्या वायर बहुतेक एअरबॅगच्या असतात. त्यांच्यापासून लांब राहा.
- वायर पेडलजवळ लोंबकळू देऊ नका, झिप टायने बांधा. कापडी टेप गुंडाळला तर खडखड होत नाही.
- मूळ वायर कापू नका. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनच डिस्प्ले म्हणून वापरला तर?
तपासणीसाठी उत्तम. रोजसाठी मात्र फोन उन्हात तापतो, आणि मेसेज आला की नजर तिकडेच जाते.

गाडी चालवताना सेटिंग बदलता येईल का?
नको. कूलंटचा अलार्म एकदाच, गाडी उभी असताना लावून ठेवा. रात्रीचा ब्राइटनेसही तेव्हाच कमी करा.

अलार्म वाजला तर?
एसी बंद करा, सुरक्षित जागी थांबा. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंट बघा.