पियानो स्वरजुळणीची साधने

पियानोच्या तारांचा ताण कमीजास्त करून तो सुरात आणण्यासाठी जी हत्यारे वापरतात, त्यांना पियानो स्वरजुळणीची साधने म्हणतात. किल्ली, पाचर आणि नादकाटा ही त्यांतील प्रमुख साधने होत. जुन्या पियानोसाठी खुंटीच्या आकाराची अचूक किल्ली निवडणे विशेष महत्त्वाचे असते. चुकीच्या किल्लीने खुंटीच्या कडा झिजल्यास खुंटी बदलण्यावाचून सहसा उपाय उरत नाही.

रचना

आधुनिक पियानोत ८८ पट्ट्या व सुमारे २३० तारा असतात. खर्जाच्या स्वरांना एक किंवा दोन, तर मधल्या व वरच्या स्वरांना बहुधा तीन तारा असतात. तारा पोलादी खुंट्यांवर गुंडाळलेल्या असून खुंट्या लाकडी फळीत केवळ घर्षणाने घट्ट राहतात. तारांचा एकत्रित ताण अनेक टनांचा असल्यामुळे तो पेलण्यासाठी ओतीव लोखंडाची चौकट वापरली जाते. अल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये अमेरिकेत अशा चौकटीचे पेटंट घेतले.

किल्ली

तंबोऱ्याची खुंटी हाताने पिळता येते. पियानोच्या खुंटीसाठी लांब दांड्याची किल्ली लागते. आधुनिक खुंटीचा माथा चौकोनी व वर निमुळता असून तिची जाडी सुमारे ७ मिलिमीटर असते. तिला बहुधा क्रमांक २ चे टोक बसते. तारकाकृती खाच असलेले टोक खुंटीवर अनेक कोनांत बसवता येते, त्यामुळे अरुंद जागेत काम सोपे होते. एकोणिसाव्या शतकातील अनेक आडव्या, चौकोनी पियानोंच्या खुंट्यांचे माथे मात्र चपटे व लांबट असतात. त्यांना वेगळे टोक लागते. टोक मोठे असल्यास ते घसरून कडा गोल करते आणि लहान असल्यास पुरते खाली बसत नाही. म्हणून किल्ली घेण्यापूर्वी माथ्याचा आकार पाहून व्हर्नियर कॅलिपरने माप घेणे इष्ट ठरते. साधा पाना वा पक्कड वापरणे धोक्याचे असते.

इतर साधने

एका स्वराच्या तीन तारांपैकी दोन शांत ठेवण्यासाठी रबरी पाचर किंवा नमद्याची पट्टी वापरतात. उभ्या पियानोत यंत्रणेमधून आत घालता येणारा लांब चिमटाही वापरला जातो. आधारस्वर नादकाट्यावरून घेतात. जॉन शोर यांनी तो १७११ मध्ये तयार केला. मध्य सप्तकातील 'ए' या स्वराची ४४० हर्ट्झ ही वारंवारता १९३९ च्या लंडन परिषदेत मान्य झाली. त्याआधीचे काही पियानो अन्य वारंवारतांसाठी जुळवलेले असत. दोन तारा ४४० व ४४२ हर्ट्झवर असतील, तर सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतात. ते नाहीसे होईपर्यंत तार जुळवली जाते.

जुन्या पियानोतील दक्षता

अर्धस्वर उतरलेला पियानो मूळ सुरावर आणताना तारांचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. गंजलेली तार अशा वेळी तुटू शकते. त्यामुळे स्वर टप्प्याटप्प्याने चढवतात, तसेच फळीला भेगा नाहीत व खुंट्या सैल नाहीत याची आधी खात्री करतात. सैल खुंटीच्या जागी सहसा किंचित जाड खुंटी बसवली जाते.

मुंबईतील स्थिती

ब्रिटिश काळात युरोपातून मुंबईत पियानो येत असत. चिंचपोकळीलगतच्या भायखळा व माझगाव भागांतील ख्रिस्ती वस्त्यांत, पारशी कुटुंबांत आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत या वाद्याला स्थान मिळाले. धोबी तलाव परिसरातील फुर्ताडोज ही १८६५ पासूनची पेढी पाश्चात्त्य वाद्यांसाठी परिचित आहे. पावसाळ्यात दमट हवेने ध्वनिफलक फुगून स्वर चढतो, तर कोरड्या दिवसांत तो उतरतो. समुद्री हवेमुळे तारा व खुंट्याही गंजतात. उष्ण प्रदेशांसाठी काही युरोपीय कारखाने स्क्रू व धातूच्या पट्ट्यांनी सांधे बळकट केलेले पियानो बनवत. या शहरात स्वरजुळणी पावसाळा सरून हवा स्थिर झाल्यावर करणे अधिक टिकाऊ ठरते.