तापलेले इंजिन आणि मराठवाड्याचे पाणी

किल्लारी म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. ते स्वाभाविकच आहे. पण औसा तालुक्यातल्या या गावाच्या परिसराला रोजच्या जगण्याचाही एक इतिहास आहे. तो पाण्याच्या टंचाईचा आहे आणि पाणी मागणाऱ्या यंत्रांचाही. तापलेल्या मोटारीचे निदान हा विषय वरवर गॅरेजचा वाटतो. मराठवाड्यात मात्र त्याची सुरुवात विहिरीपासून करावी लागते.

इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर जातो आणि उरलेला पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. सुरुवातीच्या मोटारींत हे पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई. १८८८ मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्ट्झहाइमला मोटारीने गेल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीज मोटारीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर तयार केला. तेच पाणी फिरत राहून वाऱ्याने थंड होऊ लागले. तेव्हापासून इंजिनाचे पाणी कमी आणि बंदिस्त होत गेले, आणि माणसाच्या नजरेआडही गेले.

आपल्याकडे हे यंत्र दोन वाटांनी आले. एक वाट रस्त्याची. हा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना, १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. मुंबई राज्यात १९४८ च्या १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. दुसरी वाट शेताची. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना उभा राहिला, आणि पुढच्या काळात गावोगावच्या विहिरींवरची मोट जाऊन तिथे डिझेल इंजिन आले.

विहिरीवरचे इंजिन ही निदानाची पहिली शाळा होती. पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनातून फिरून उघड्यावर पडे. त्या धारेखाली हात धरला की इंजिनाचा ताप कळे. धार कोमट असेल तर ठीक. चटका बसला किंवा धार बारीक झाली, तर कुठेतरी अडले आहे. विहिरीचे पाणी तळाला गेले की पंप हवा ओढू लागे आणि इंजिन तापे. म्हणजे विहीर आटल्याची वर्दीच इंजिन देई.

या शिक्षणाचा दुसरा धडा क्षारांचा. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. चुलीवरच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर लोखंडापेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहतो. त्यामुळे पाणी भरलेले असूनही इंजिन तापते. जो चालक रोज नेमाने बोअरचे पाणी ओततो, त्याच्याच गाडीचा रेडिएटर आधी चोंदतो. पाणी हेच औषध आणि पाणी हेच दुखणे, अशी ही गाठ आहे.

म्हणूनच ‘पाणी कमी झाले’ हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. खरा प्रश्न असा, की पाणी गेले कुठे? आणि गेले नसेल, तर फिरत का नाही? जाणत्या फिटरची तपासणी याच दोन प्रश्नांनी पुढे सरकते. गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर संशय पंख्यावर. गावात ठीक चालते आणि चढावर किंवा ओझ्याखाली तापते, तर रेडिएटर चोंदलेला असण्याचा संभव. इंजिन तापलेले, वरचा होज पाइप गरम आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट उघडलेला नसावा किंवा पाणी कुठेतरी अडलेले असावे. बाहेर थेंबही न सांडता पाणी घटते, तेल दुधाळ दिसते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, तर हेड गॅस्केट गेलेले. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर धूळ आणि पाचटाचा थर बसतो, तेव्हा दोष आत नसून बाहेर असतो.

दाबाच्या झाकणाने या विद्येचे रूप पालटले. उघड्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते, आपल्या पठारावर त्याहून थोडे आधीच. झाकणाने वातावरणाइतकाच जादा दाब धरला, तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. लाभ मोठा, पण तापल्या गाडीचे झाकण उघडताच दाब सुटतो, पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि हाततोंड भाजते. हातावर धार घेऊन पाहण्याची सवय येथे घातक ठरते. इंजिन निवेपर्यंत थांबणे, हीच आता निदानाची पहिली पायरी आहे.

आता गाडीत सेन्सर आहेत आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट आहे. सेन्सर तपमान सांगतो, कारण नाही. आणि कूलंटमध्ये मिसळायचे पाणी शुद्ध हवे, ही अट या मुलखात सोपी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत १० टँकर होते, सुमारे ५ लाख लिटर पाण्याचे. जिथे पिण्याच्या पाण्यालाच रेल्वेची वाट पाहावी लागते, तिथे रेडिएटरमध्ये जे हाताला लागेल तेच पडणार.

मोटारीचा इतिहास आपण बहुधा वेगाचा आणि मालकीचा लिहितो. तो निगेचाही लिहायला हवा. विहिरीवर धारेखाली हात धरणाऱ्या शेतकऱ्याने आणि होज पाइप चाचपणाऱ्या फिटरने जे ज्ञान जमवले, ते कुठल्याच दप्तरात नोंदलेले नाही. बंद झाकणाच्या आत काय चालले आहे, हे बाहेरच्या खुणांवरून ओळखण्याची ती रीत होती. आणि दुष्काळी मुलखात ती अजूनही रेडिएटरमधल्या पाण्याइतकीच गरजेची आहे.