ग्राहक राजा आणि काउंटरमागची माणसे

भारतात बँकेच्या शाखेत, सरकारी कचेरीत किंवा एखाद्या जुन्या दुकानात भिंतीवर एक तसबीर हमखास आढळते. वर महात्मा गांधींचे चित्र आणि खाली चार-पाच ओळींचा उपदेश. आशय असा, की ग्राहक हा आपल्या दारी येणारा सर्वांत मोठा पाहुणा; तो आपल्यावर अवलंबून नसून आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत; त्याची सेवा करून आपण उपकार करीत नाही, सेवेची संधी देऊन तोच आपल्याला उपकृत करतो. काही तसबिरींवर 'दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०' असा दाखलाही छापलेला असतो. काउंटरवर शब्दाला शब्द वाढला, की गिऱ्हाइकाचे बोट या तसबिरीकडे वळते आणि समोरच्या कारकुनाला गप्प बसावे लागते.

परंतु १८९० साली गांधी दक्षिण आफ्रिकेत नव्हतेच. सप्टेंबर १८८८ मध्ये ते मुंबईहून बोटीने विलायतेस गेले, १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवले ते १८९३ साली. १८९० मधले गांधी म्हणजे लंडनमध्ये कायद्याची पुस्तके वाचणारा आणि शाकाहारी खाणावळी शोधत हिंडणारा एक लाजाळू विद्यार्थी होता. तसबिरीवरील मजकुराशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा मजकूर सापडतो तो अमेरिकेत, १८९० नंतर तब्बल ५१ वर्षांनी. १९४१ साली 'प्रिंटर्स इंक' या जाहिरात-व्यवसायाच्या नियतकालिकात स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावावर तो छापला गेला. पुढे तो अमेरिकेतील दुकानांच्या भिंतींवर चढला आणि भारतात येईपर्यंत त्याला महात्म्याचे नाव चिकटले.

हा तपशील गमतीचा असला तरी किरकोळ नाही. काउंटरवरच्या नोकराला ऐकवले जाणारे हे वचन मुळात विक्रीखात्याच्या वरिष्ठाचे आहे. उद्धट गिऱ्हाईक आणि पगारी नोकर यांच्या दीड शतकाच्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ग्राहकाला राजेपद बहाल करतो दुकानाचा मालक. त्या राजाचा संताप झेलतो तो नोकर.

हे राजेपद फार जुनेही नाही. युरोपातील बाजाराचा जुना नियम नेमका उलटा होता. घेणाऱ्याने पारखून घ्यावे, नंतर तक्रार चालणार नाही, असे सूत्र रूढ होते. मालावर किंमत लिहिलेली नसे. गिऱ्हाइकाचा पेहराव पाहून भाव सांगितला जाई, मग घासाघीस होई. दुकानात शिरून काही न घेता बाहेर पडणे हा असभ्यपणा मानला जाई. या व्यवहारात उभयपक्षी संशय होता. पण त्यामुळेच एक प्रकारची बरोबरीही होती.

पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको १८५२ साली 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि त्याने हा खेळच बदलला. ठरलेली किंमत, कोणालाही आत येऊन पाहण्याची मुभा, न आवडलेला माल परत घेण्याची हमी, ही त्याच्या दुकानाची ओळख झाली. नफा प्रत्येक नगावर थोडा, पण विक्री अफाट. शिकागोमध्ये मार्शल फील्डने हेच तत्त्व कळसाला नेले. 'ग्राहक नेहमीच बरोबर असतो' हे वाक्य छापील स्वरूपात दिसू लागते ते याच फील्डच्या संदर्भात, १९०५ साली. हॉटेल-व्यवसायातील सेझार रिट्झच्या तोंडीही त्याच काळात तसेच वाक्य घातलेले आढळते: गिऱ्हाईक कधीच चुकत नाही. फील्डच्या हाताखाली वाढलेला हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज हे धोरण घेऊन लंडनला गेला आणि १५ मार्च १९०९ रोजी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्याने आपले भव्य दुकान उघडले.

धोरण म्हणून हे वाक्य चतुर होते, हे मान्य करावेच लागते. शंभरातले दोन-चार गिऱ्हाईक वापरलेला अंगरखा 'आवडला नाही' म्हणून परत करतील, हे फील्डला ठाऊक होते. तो तोटा उरलेल्यांच्या विश्वासापुढे क्षुल्लक होता. वाक्याचा मूळ रोख मालाच्या परतीवर, हमीवर आणि भरपाईवर होता. गिऱ्हाइकाच्या जिभेवर तो नव्हता. पण खाली काउंटरपर्यंत येता येता अर्थ बदलला. परतीच्या मालाचा तोटा मालकाच्या वहीत मांडला जाई. ग्राहकाने फेकलेल्या शब्दांचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता.

तो सोसणारी बहुधा कष्टकरी घरातली तरुण मुलगी असे. समोर श्रीमंत घरची बाई. मुलीने कापडाचा पोत, रंगसंगती, फॅशन यांबद्दल अधिकाराने बोलावे, अशी व्यवस्थापनाची अपेक्षा. आणि त्याच वेळी तिने दासीसारखे नमून वागावे, हीही अपेक्षा. सुझन पोर्टर बेन्सन या इतिहासकार स्त्रीने अमेरिकेतील अशा विक्रेत्या मुलींवर १९८६ साली ग्रंथ लिहिला. त्यात दिसते ते भांडण दोघांचे नाही, तिघांचे आहे. मालक, नोकर आणि गिऱ्हाईक. बाई तक्रार घेऊन थेट वरिष्ठाकडे जाऊ शके, म्हणून तिचा आवाज चढे. मुलीही अगदीच निःशस्त्र नव्हत्या. एकमेकींना सावध करणारे सांकेतिक शब्द, त्रासदायक बाईकडे मुद्दाम उशिरा वळणे, मालाच्या मांडणीत उगाच गुंतून जाणे, अशी त्यांची स्वतःची शस्त्रे होती.

येथे पुण्याच्या दुकानदाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवणारा, पाटी लावून गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावणारा पुणेरी दुकानदार हा मराठी विनोदाचा लाडका विषय. ग्राहक राजा आहे या कल्पनेला जणू त्याने कधी मान्यताच दिली नाही. मात्र हा ताठा ज्याच्या त्याच्या स्वभावावर ढकलून चालणार नाही. तो दुकानदार मालक असतो. गिऱ्हाईक गेले तर नुकसान त्याचे, आणि ते सोसायचे की नाही हे ठरवणाराही तोच. त्याच दुकानातला पगारी पोऱ्या तसे बोलला, तर संध्याकाळी त्याचा हिशेब चुकता होईल.

सगळ्यात कठोर हिशेब व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये होई. कापडदुकानांतले नोकर मालकाने दिलेल्या खोल्यांत राहत, मालकाच्या खाणावळीत जेवत आणि बारीकसारीक चुकांसाठी दंड भरत. नोकरी गेली की छप्परही जाई. त्यामुळे गिऱ्हाइकाची एक तक्रार म्हणजे बेकारी आणि बेघरपण एकाच वेळी. पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेल्या एच. जी. वेल्सने पोरवयात अशाच एका कापडदुकानात उमेदवारी केली होती. १९०५ च्या 'किप्स' या कादंबरीत त्याने ते जग उभे केले.

त्याच जगातून मार्गारेट बॉन्डफील्ड आली. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८८७ साली, ती ब्रायटनलगतच्या होव्ह येथील एका कापडदुकानात कामाला लागली. पुढे लंडनमध्ये ती दुकान-कर्मचाऱ्यांच्या संघटनेत शिरली, 'ग्रेस डेअर' या टोपणनावाने त्यांच्या मुखपत्रात लिहू लागली, आणि दुकानांतील परिस्थिती पाहण्यासाठी ओळख लपवून वेगवेगळ्या दुकानांत नोकऱ्याही केल्या. १८९८ साली ती संघटनेची साहाय्यक चिटणीस झाली. १९२९ साली ती ब्रिटनची मजूरमंत्री झाली. ब्रिटिश मंत्रिमंडळात बसणारी ती पहिली स्त्री.

त्या काळातला एक छोटासा कायदा या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. ग्राहकासमोर नोकराने बसणे म्हणजे अनादर, अशी समजूत असल्याने विक्रेत्या मुली दिवसाचे बारा-बारा तास उभ्या राहत. १८९९ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे किमान एक बैठक ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक केले. तिघींत एक! पण निदान ग्राहकाच्या मानासाठी नोकराचे पाय सुजावेत हे कायद्याला मंजूर नाही, एवढे तरी नोंदले गेले.

हाच प्रश्न भारतात कायद्याच्या दारात पोहोचायला आणखी ११९ वर्षे लागली. दुकानांतील कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी यांवर भारतातला पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ साली केला खरा, पण बसण्याच्या हक्काची लढाई लढली ती केरळमधील स्त्रियांनी. कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेतील विक्रेत्या स्त्रिया विजी यांच्या 'पेनकूट्टू' या संघटनेभोवती गोळा झाल्या. कापडाच्या मोठ्या दालनांत दिवसभर उभे राहायचे, भिंतीला टेकायचेही नाही, लघवीला जायची पंचाईत म्हणून पाणीही बेताने प्यायचे, या त्यांच्या तक्रारी. २०१८ साली केरळने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला.

भारतातील ग्राहकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. परवाना-राज्याच्या काळात तो राजा कुठला, याचकच होता. रॉकेलच्या रांगेत उभा राहणारा, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणारा, मापात मारला जाणारा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले ते याच माणसासाठी, आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला दाद मागण्याची जागा दिली. फील्डच्या वाक्यातला सच्चा भाग, म्हणजे मालाची हमी आणि भरपाई, येथे कायद्यात उतरला. त्या हक्काची झळ मालकाला आणि उत्पादकाला लागते. वजनात मारल्याबद्दल पगारी पोऱ्यावर खेकसून ती लागत नाही.

दरम्यान नोकराकडून मागितली जाणारी वस्तूही बदलत गेली. १८७८ साली बोस्टनमध्ये टेलिफोन जोडून देण्याच्या कामावर असलेली पोरे ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, शिव्याही देत. म्हणून त्यांच्या जागी एमा नट ही तरुणी नेमली गेली आणि टेलिफोनवरचा मृदू आवाज हे बायकांचे काम ठरले. शंभर वर्षांनी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड हिने हवाई सुंदरींचे प्रशिक्षण जवळून पाहिले. प्रवासी खेकसला तर तो भेदरलेले मूल आहे असे मनाशी धरावे, असे तेथे शिकवले जात होते. राग गिळणे पुरेसे नव्हते, राग येऊच नये अशी अपेक्षा होती. १९८३ च्या ग्रंथात हॉक्शिल्डने याला भावनिक श्रम म्हटले: पगाराच्या बदल्यात हातांप्रमाणे मनही राबवणे.

या साऱ्या इतिहासाचे ताजे प्रकरण जपानमध्ये लिहिले जात आहे. तेथे ग्राहक राजा नव्हे, थेट देव आहे. 'ओक्याकुसामा वा कामिसामा देसु', म्हणजे 'ग्राहक हा देव होय', हे वाक्य तेथील उद्दाम गिऱ्हाइकाच्या तोंडी असते. पण मूळ वाक्य दुकानातले नाहीच. हारुओ मिनामी या लोकप्रिय गायकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी रंगमंचावरील संभाषणात ते उच्चारले. देवापुढे प्रार्थनेला उभे राहावे तसे मन निर्मळ करून श्रोत्यांपुढे गावे, असा त्याचा भाव होता. जपानीत श्रोता आणि गिऱ्हाईक यांना शब्द एकच. एका विनोदी त्रिकुटाने ते वाक्य घरोघरी पोहोचवले आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ते स्वतःला लावून घेतले. मिनामी २००१ साली वारला. त्याला अभिप्रेत असलेला अर्थ त्याच्या अधिकृत संकेतस्थळाला आजही समजावून सांगावा लागतो.

२०१३ साली सप्पोरो शहरातील कपड्यांच्या दुकानात एका ग्राहक स्त्रीने सदोष मालाच्या तक्रारीवरून कर्मचाऱ्यांना जमिनीवर गुडघे टेकून, डोके खाली घालून क्षमा मागायला लावली आणि त्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले. बळजबरीच्या आरोपाखाली तिला अटक झाली. 'कासुतामा हारासुमेंतो', म्हणजे ग्राहकाकडून होणारा छळ, हा शब्द पुढच्या दशकात तेथे रूढ झाला. त्याचे बोलीतले लघुरूप 'कासुहारा'. किरकोळ विक्री आणि सेवाक्षेत्रातील कामगारांच्या 'यूए झेन्सेन' या मोठ्या संघटनेच्या २०२४ च्या पाहणीत जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांनी गेल्या दोन वर्षांत असा छळ सोसल्याचे सांगितले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियो महानगराच्या विधिमंडळाने या छळाला मनाई करणारा नियम संमत केला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. त्यात शिक्षेची तरतूद नाही. ग्राहकाच्या रास्त तक्रारीचा हक्क दुखावू नये, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. जून २०२५ मध्ये जपानच्या संसदेने कायदा दुरुस्त करून कर्मचाऱ्यांना अशा छळापासून वाचवण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. अनेक नगरपालिकांनी आणि दुकानांनी तत्पूर्वीच एक साधा बदल केला होता. कर्मचाऱ्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर आता पूर्ण नावाऐवजी नुसते आडनाव किंवा आद्याक्षरे असतात, म्हणजे रागावलेल्या गिऱ्हाइकाला घरी जाऊन ते नाव इंटरनेटवर शोधता येत नाही.