फ्रेमला वय नसते

इथरनेट स्विचवर लूप, म्हणजे फेरा, अडवण्याच्या आणि रहदारीला मर्यादा घालण्याच्या ज्या सोयी असतात, त्यांचे मूळ इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यात, नसलेल्या एका आकड्यात आहे. इंटरनेट प्रोटोकॉलच्या पॅकेटवर त्याचे उरलेले आयुष्य लिहिलेले असते. वाटेतला प्रत्येक राउटर ते एकाने कमी करतो आणि शून्य झाले की पॅकेट टाकून देतो. त्यामुळे वाट चुकलेले पॅकेट फार तर २५५ टप्प्यांत संपते. इथरनेटच्या फ्रेमवर असे काहीच लिहिलेले नसते. ती एकदा फेऱ्यात सापडली की कोणीतरी केबल उपटेपर्यंत फिरतच राहते.

यात निष्काळजीपणा नव्हता. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेट घडवले, तेव्हा सगळी यंत्रे एकाच केबलला लटकलेली असत. केबलवर सोडलेली फ्रेम दोन्ही टोकांकडे जाई आणि तिथल्या रोधकात विरून जाई. परत फिरायला वाटच नव्हती, मग वय कशाला मोजायचे? गर्दीवरही निराळा इलाज लागत नसे. दोन यंत्रे एकदम बोलू लागली की टक्कर होई, दोन्ही थांबत, आणि पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मुदत सरासरी दुप्पट होई. म्हणजे दाटी वाढली की प्रत्येक जण आपणहून मागे सरके. सुरुवातीचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून काढलेल्या आवृत्तीत तो १० मेगाबिट झाला.

केबलीची लांबी पुरेनाशी झाली तेव्हा दोन केबली जोडणारा ब्रिज आला. डिजिटलमध्ये मार्क केम्फ यांनी केलेल्या कामातून लॅनब्रिज १०० हे उत्पादन निघाले. ब्रिज येणाऱ्या फ्रेमचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून कोणते यंत्र कोणत्या बाजूला आहे हे शिकतो. पत्ता ओळखीचा नसेल, किंवा फ्रेम सर्वांसाठी असेल, तर ती उरलेल्या सर्व बाजूंना ढकलतो. यंत्रांना ब्रिज मध्ये असल्याचा पत्ताही लागत नाही. हाच त्याचा मोठा गुण, आणि अडचणीचे मूळही हेच.

दोन केबलींमध्ये एक ब्रिज बंद पडला तर दुसरा असावा, म्हणून दोन लावले की फेरा तयार होतो. पहिल्याने पलीकडे टाकलेली प्रत दुसरा उचलून अलीकडे टाकतो, आणि दुसऱ्याची पहिला. तीन ब्रिज शेजारी शेजारी असतील तर एकाची प्रत बाकीचे दोघे उचलतात, म्हणजे दर फेरीला प्रती दुप्पट होतात. शिवाय एकच यंत्र क्षणात अलीकडे, क्षणात पलीकडे दिसू लागते आणि शिकलेले पत्ते बिघडतात. १० मेगाबिटच्या केबलवर सर्वांत लहान आकाराच्या फ्रेमा सेकंदाला १४,८८० मावतात. ही मर्यादा गाठायला फार वेळ लागत नाही. या प्रकाराला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी डिजिटलमध्ये शोधला. त्यांचे वरिष्ठ टोनी लॉक यांनी काम सांगितले आणि ते आठवडाभर सुटीवर गेले. अट अशी घातली की नेटवर्क कितीही वाढले तरी ब्रिजला लागणारी मेमरी वाढता कामा नये. पर्लमन यांच्या सांगण्यानुसार कल्पना त्याच रात्री सुचली, मसुदा लिहायला दोनएक दिवस लागले आणि उरलेला आठवडा त्यांनी त्याच विषयावर ‘अल्गोऱ्हाइम’ नावाची छोटी कविता रचण्यात घालवला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या आरंभी ती कविता आहे. तांत्रिक निबंधाला असे भाग्य क्वचितच लाभते.

स्पॅनिंग ट्री नावाची ही पद्धत साधी आहे. प्रत्येक ब्रिजला क्रमांक असतो आणि सर्वांत लहान क्रमांकाचा ब्रिज मूळ, म्हणजे रूट, ठरतो. बाकीचे ब्रिज त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट शोधतात. या वाटांच्या झाडात न बसणारे पोर्ट बंद ठेवले जातात. रूटकडून दर दोन सेकंदांनी निरोप निघतो आणि बाकीचे तो पुढे सरकवतात. प्रत्येकाला फक्त आपल्या पोर्टवर ऐकलेला सर्वांत चांगला निरोप लक्षात ठेवावा लागतो, म्हणून लॉक यांची अटही पाळली गेली. १९९० मध्ये आयट्रिपलई संस्थेने ही पद्धत ८०२.१डी या मानकात घेतली.

मानकातल्या दोन गोष्टींनी पुढे पुष्कळांना छळले. पहिली क्रमांकाची. कोणी काही नेमून दिले नाही तर सर्व स्विचच्या, म्हणजे अनेक पोर्टांच्या ब्रिजच्या, क्रमांकातला अग्रक्रम ३२७६८ हाच असतो आणि निवड कारखान्यात दिलेल्या पत्त्यावर येते. एकाच उत्पादकाच्या यंत्रांत जुन्याचा पत्ता बहुधा लहान असतो. त्यामुळे कोपऱ्यातला, सर्वांच्या विस्मरणात गेलेला म्हातारा स्विच अख्ख्या इमारतीचा रूट होऊन बसतो. रूट हाताने नेमण्याची शिस्त यातूनच आली.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. बंद पोर्टवर शेजाऱ्याचा निरोप येत राहतो तोवर पोर्ट बंद राहतो. २० सेकंद काहीच ऐकू आले नाही तर वाट तुटली असे समजून, १५-१५ सेकंदांचे दोन टप्पे पार करून, पोर्ट उघडला जातो. म्हणजे शांतता ही परवानगी ठरते. पण निरोप वाट तुटल्यानेच थांबतो असे नाही. स्विचला कामाच्या ओझ्याखाली तो पाठवायला किंवा वाचायला सवड झाली नाही, तरी पलीकडे शांतताच पसरते. मग उघडू नये तो पोर्ट उघडतो, फेरा जुळतो, ओझे आणखी वाढते. लूप रोखणारे यंत्र नेमके गर्दीतच दगा देऊ शकते.

आणि गर्दीचा मूळचा लगाम याच सुमारास सुटत होता. १९९० मध्ये कल्पना या कंपनीने अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पोर्ट आणि दोन्ही दिशांना एकाच वेळी रहदारी असा रिवाज पडला, तशा टकरी संपल्या. टकरींबरोबर मागे सरकण्याची सवयही गेली. १९९७ च्या ८०२.३एक्स मानकाने ‘थांब’ सांगणारी फ्रेम दिली खरी, पण ती समोरच्याची सगळीच रहदारी अडवते, गुन्हेगाराची आणि गरिबाचीही.

मोजून मर्यादा घालण्याची कल्पना टेलिफोनच्या बाजूने आली. जोनाथन टर्नर यांनी १९८६ मध्ये गळक्या बादलीचे रूपक मांडले. तिचेच भावंड असलेल्या पद्धतीत बादलीत ठरलेल्या वेगाने टोकन पडत राहतात, जाणारी प्रत्येक फ्रेम आपल्या आकाराइतके टोकन घेते आणि बादली रिकामी असेल तर फ्रेम टाकली जाते. बादली जेवढी मोठी तेवढा क्षणिक उसळीला वाव. स्विचवरचे स्टॉर्म कंट्रोल याच घराण्यातले: सर्वांसाठीच्या आणि अनोळखी पत्त्याच्या फ्रेमांनी पोर्टच्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा ओलांडला की वरच्या फ्रेमा गाळायच्या किंवा पोर्टच बंद करायचा. त्याने फेरा मोडत नाही. पण स्विचचा प्रोसेसर बुडत नाही आणि स्पॅनिंग ट्रीचे निरोप चालू राहतात. लूप अडवणे आणि रहदारीला मर्यादा घालणे ही दोन कामे मुळात वेगळी असूनही माहितगार ती जोडीने का करतात, त्याचे उत्तर इथे आहे.

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयात १३ नोव्हेंबर २००२ रोजी स्पॅनिंग ट्रीने गर्दीत दगा देण्याचा हा प्रकार प्रत्यक्ष घडला. वर्षानुवर्षे जोड देत वाढवलेले नेटवर्क स्पॅनिंग ट्रीला झेपणाऱ्या लांबीपलीकडे गेले होते. स्पॅनिंग ट्रीच्या वेळा साधारण सात ब्रिजांचा पल्ला धरून ठरवलेल्या आहेत. एका संशोधन कामाच्या माहितीचा लोंढा आला आणि झाड कोलमडले. सुमारे चार दिवस डॉक्टर आणि परिचारिका कागदावर काम करत होते. रुग्णालयाच्या माहिती विभागाचे तेव्हाचे प्रमुख जॉन हॅलम्का यांनी ही हकीकत लपवली नाही, पुढे सर्वांसमोर मांडली. त्यामुळे ती या व्यवसायात धड्यासारखी सांगितली जाते.

सुधारणा तोवर सुरू झाल्याच होत्या. २००१ च्या ८०२.१डब्ल्यू मानकात शेजारी स्विच एकमेकांना विचारून पोर्ट उघडू लागले आणि मिनिटाच्या आसपासचा खोळंबा सेकंदांवर आला. उत्पादकांनी पहारे बसवले. बीपीडीयू गार्ड हा त्यातला सर्वांत उपयोगी (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा निरोप): टेबलाखालच्या पोर्टवर स्विचचा निरोप ऐकू आला, म्हणजे कोणीतरी तिथे परवानगीशिवाय स्विच जोडला, की तो पोर्ट लगेच बंद. लूप गार्डने शांततेचा अर्थ उलटा केला. निरोप थांबला तर पोर्ट उघडायचा नाही, अडवूनच ठेवायचा.

फ्रेमला वय देण्याचे काम पर्लमन यांनीच पुढे हाती घेतले. २०११ मध्ये मानक झालेल्या ट्रिल या पद्धतीत फ्रेमभोवती आणखी एक वेष्टन असते आणि त्यात टप्प्यांचा आकडा असतो. मोठ्या डेटा सेंटरांत मात्र बहुतेकांनी सरळ राउटिंगच स्विचपर्यंत आणले, आणि आयुष्याचा आकडा आयताच मिळाला.

छोट्या कार्यालयांत जुनीच गोष्ट चालू आहे. टेबलावर लोंबणारी सुटी केबल कोणीतरी नीटनेटकेपणापायी त्याच स्विचच्या मोकळ्या पोर्टात खोचते. स्पॅनिंग ट्री नसलेल्या स्वस्त स्विचमध्येही त्यासाठी आता लूप डिटेक्शन असते. स्विच अधूनमधून स्वतःची खूण असलेली फ्रेम सोडतो, आणि तीच दुसऱ्या पोर्टातून परत आली की तो पोर्ट बंद करून दिवा लुकलुकवतो.