पूर्वकर्म आणि ताटकळणे : एका प्रतीक्षेचा इतिहास

मराठीत थांबण्याच्या अनुभवासाठी शब्दांची वाण नाही. आपण वाट पाहतो, खोळंबतो, तिष्ठतो, ताटकळतो; प्रसंग गंभीर असला तर प्रतीक्षा करतो. यांतल्या प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आहे. वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निदान एक वाट असते. ताटकळणाऱ्यापुढे तीही नसते. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एका सहकारी मॅडमनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले आणि त्यानंतरचे आठ महिने त्यांनी तारखेची वाट पाहण्यात काढले. "मी आजारी नाही आणि बरीही नाही. उपचार सुरू झाला आहे की व्हायचा आहे, तेही कळत नाही. या काळाला म्हणायचे काय?" असे त्या एकदा स्टाफरूममध्ये म्हणाल्या. प्रश्न वैद्यकाचा होता, तितकाच भाषेचाही होता. मराठीचे अध्यापक म्हणून तो आम्हांला टाळता आला नाही. त्यांच्या संमतीने, नाव न देता, त्याचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास हा बहुधा शस्त्राचा आणि शल्यविशारदाचा इतिहास असतो. कोणी, केव्हा, काय कापले याची त्यात नोंद असते. कापण्याआधी रुग्ण किती काळ आणि कसा थांबला, याची क्वचितच असते. आपल्या परंपरेत मात्र या काळाला नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय 'अग्रोपहरणीय' म्हणून ओळखला जातो. आधी गोळा करून ठेवायच्या गोष्टींचा हा अध्याय. त्यात चिकित्सेचे तीन टप्पे सांगितले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. यंत्रे, शस्त्रे, शलाका, मध, तूप यांची जुळवाजुळव कशी करावी, हे तिथे आहे. त्याचबरोबर रुग्णाला हलका आहार देऊन पूर्वेकडे तोंड करून बसवावे आणि उदर, मूळव्याध, मूतखडा अशा काही विकारांत मात्र उपाशीपोटीच शस्त्रकर्म करावे, असा भेदही आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, इथे 'आधीचा' काळ रिकामा नाही. तोही 'कर्म' आहे.

चरकाकडे वळले की वेगळा सूर ऐकू येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच 'अष्टौनिंदितीय' आहे. अतिउंच, अतिबुटका, अतिकेसाळ, केसहीन, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश अशा आठ 'निंदित' शरीरांची ही यादी. शेवटच्या दोहोंची चर्चा चरक सविस्तर करतो. अतिस्थूलाला भूक आणि तहान अधिक लागते, हा दोष तो देहाच्या पदरात घालतो, केवळ स्वभावाच्या नव्हे. ही त्याची दृष्टी आजही विचार करण्याजोगी आहे. उपायांत जव, मधपाणी, व्यायाम, जागरण आणि चक्क चिंतनही येते. (चिंतनाने माणूस रोडावत असता तर प्राध्यापकांचा प्रश्न केव्हाच सुटला असता!) हे उपाय क्रमाक्रमाने वाढवत न्यावेत, असेही तो बजावतो. म्हणजे एकाच परंपरेत आपल्याला दोन गोष्टी शेजारी शेजारी सापडतात : सुश्रुताची तयारी आणि चरकाच्या अध्यायाच्या शीर्षकातली निंदा. पुढचा सगळा इतिहास या दोहोंच्या सरमिसळीचा आहे, असे आमचे मत आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना रस वाटावा असा या इतिहासातील पुढचा टप्पा लंडनमधला आहे. विल्यम बँटिंग हा राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते; उंची ५ फूट ५ इंच. बुटाचे बंद वाकून बांधता येत नव्हते आणि जिना उलट्या पावलांनी उतरावा लागत होता. कानाच्या तक्रारीसाठी तो विल्यम हार्वी या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांनी त्याला साखर व पिष्ट पदार्थ वर्ज्य करायला सांगितले. वर्षभरात ४६ पौंड वजन उतरल्यावर बँटिंगने १८६३ मध्ये एक छोटी पत्रवजा पुस्तिका स्वतःच छापली. ती इतकी गाजली की, त्याच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. तिच्यात पथ्याइतकीच त्याच्या आधीच्या वर्षांची हकिगत आहे : किती वैद्य झाले, वल्हवणे, घोडेस्वारी आणि वाफेची स्नाने करून पाहिली, लोक रस्त्यात काय बोलत. स्थूल माणसाने स्वतःच्या शरीराविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिण्याच्या परंपरेतला हा एक आरंभीचा आणि ठळक नमुना होय. आज शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णाला आहाराची वही लिहायला सांगतात, तेव्हा नकळत त्याला बँटिंगच्या लेखनाची दीक्षा मिळत असते.

प्रत्यक्ष शस्त्राचा इतिहास विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू होतो. १९५४ मध्ये अमेरिकेतील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळल्यास काय होते, याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यातून निघालेली आतड्याच्या बायपासची पद्धत साठ आणि सत्तरच्या दशकांत रूढ झाली. वजन झपाट्याने उतरे. पण मागोमाग सततचे जुलाब, मूतखडे आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणे, हेही येई. अनेकांवर ती जोडणी पूर्ववत करण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि अखेर ती पद्धत मागे पडली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास केला. पेप्टिक अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन कमी राहते, या निरीक्षणातून त्यांना ती कल्पना सुचली होती. चिकाशी इतो यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १९६७ चा. १९९४ मध्ये दुर्बिणीतून केलेल्या जठर-बायपासचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि मोठा छेद टळला. परंतु आतड्याच्या बायपासने शिकवलेला धडा उरलाच : ही शस्त्रक्रिया एका दिवसाची असली तरी तिचे पश्चात्कर्म जन्मभराचे असते. बी-१२, लोह, कॅल्शियम कायम घ्यावे लागते, तपासण्या चुकवता येत नाहीत. जे जन्मभर करायचे, ते आधी शिकायला हवे, हे ओघानेच आले.

या शिकण्याला नियमांचे रूप आले ते मार्च १९९१ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेथेस्डा येथे भरवलेल्या तज्ज्ञ-परिषदेने ठरवले की, बॉडी मास इंडेक्स ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. रुग्ण नीट माहितगार असावा आणि शल्यविशारद, वैद्य, मानसोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांनी मिळून त्याची पाहणी करावी. ज्या निर्देशांकावर हे बेतले, त्याचे गणित बेल्जियमच्या केतले यांनी १८३० च्या दशकात मांडले होते, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. बँटिंगला या मापाने मोजले तर आकडा ३४ च्या आसपास येतो. जिना उलट्या पावलांनी उतरणारा हा गृहस्थ १९९१ च्या दारातून आत आला नसता.

परिषदेचा हेतू तयारीचा होता. व्यवहारात तिचा दरवाजा झाला. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक महिने वैद्यकीय देखरेखीखाली पथ्य केल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. तेथील बॅरिअॅट्रिक शल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट केले की, अशा सक्तीला शास्त्रीय आधार नाही आणि तिच्यामुळे उपचार मात्र लांबतो. कॅनडात सक्तीपेक्षा रांग मोठी होती. क्रिस्तू आणि एफ्थिमिऊ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २००७ साली तेथे ६७८३ जण प्रतीक्षेत होते आणि वर्षभरात १३१३ शस्त्रक्रिया झाल्या. भागाकार केला की पाच वर्षांहून थोडा अधिक काळ येतो. हा भागाकार कोणत्याही पथ्याचा नव्हे. तो शल्यविशारद, खाटा आणि निधी यांचा आहे.

मग खरी तयारी किती काळाची? निदान शरीराच्या एका अवयवापुरते उत्तर उपलब्ध आहे. मेद साचून वाढलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो आड येतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २००६ मध्ये ३२ जणांना बारा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार देऊन पाहिले. यकृताचे आकारमान सरासरी १९ टक्क्यांच्या आसपास घटले आणि त्या घटीपैकी ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे द्रवरूप किंवा अत्यल्प पिष्टाचा आहार देण्याची प्रथा या समजुतीवर उभी आहे. हे सुश्रुताच्या अर्थाने पूर्वकर्म. त्याला कारण आहे, मुदत आहे आणि शेवटही आहे.

मनाच्या तयारीला अर्थातच अधिक वेळ लागतो. आमच्या मॅडमचा पहिला महिना निरोपाच्या जेवणांत गेला : शेवटची पुरणपोळी, शेवटचा मिसळपाव, मग पुन्हा एकदा शेवटची पुरणपोळी. वजन चार किलोंनी वाढले. असे पुष्कळांचे होते, हे आहारतज्ज्ञांनी सांगितल्यावर त्यांच्या मनावरचे ओझे उतरले आणि वही सुरू झाली. काय खाल्ले यापेक्षा खाण्याआधी काय घडले, हे त्या लिहू लागल्या. तीन आठवड्यांत एक गोष्ट उघड झाली : सर्वांत जास्त खाणे उत्तरपत्रिका तपासताना होत होते. मग गठ्ठे स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून उचलून ग्रंथालयात गेले. लहान चमच्याने एक वाटी खिचडी पंचवीस मिनिटे चावून खाण्याचा आणि पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाने पिण्याचा सराव सुरू झाला. झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली, संध्याकाळचे चालणे अंगवळणी पडले. सर्वांत अवघड गेले ते घरी आणि विभागात सांगणे. "थोडे कमी खाल्ले की झाले, त्यासाठी पोट कशाला चिरायचे?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत, कबूल केले पाहिजे, प्रारंभी आम्हीही होतो. चरकाच्या अध्यायाचे शीर्षक आमच्या तोंडून बोलत होते.

याच काळात विमा कंपनीने आधीचे प्रयत्न फसल्याचे कागद मागितले. "वीस वर्षांत किती वेळा भात सोडला आणि पुन्हा धरला. त्याच्या पावत्या कोण ठेवतो?" असे मॅडम म्हणाल्या. कागद जमवण्यात चार महिने गेले. आपल्याकडील विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या मजकुरात १९९१ चेच ४० आणि ३५ हे आकडे आहेत आणि सौम्य उपाय फसल्याची अटही आहे. दरम्यान २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवे निकष मांडले : ३५ च्या वर कोणालाही शस्त्रक्रिया सुचवावी, ३० पासून चयापचयाचे आजार असल्यास विचार करावा आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच ती उपलब्ध असावी. ज्ञान पुढे गेले; दरवाजा जुन्याच मापाचा राहिला.

काव्यशास्त्र शिकवताना आपण भरताच्या अष्टनायिकांपाशी थांबतो. त्यांतल्या दोघी वाट पाहणाऱ्या आहेत. वासकसज्जेला प्रियकर येणार हे ठाऊक असते, म्हणून ती घर आणि स्वतःला सजवते. विरहोत्कंठितेचा प्रियकर का आला नाही, हेच तिला कळत नाही. तिच्या हाती केवळ घालमेल उरते. दोघींच्या प्रेमात उणे-अधिक नाही. फरक आहे तो माहितीचा. ज्याला कशासाठी आणि किती काळ थांबायचे हे सांगितले जाते, त्याला तयारी करता येते. ज्याला ते सांगितले जात नाही, त्याच्या धीराची प्रशंसा करणे ही क्रूर थट्टा ठरते. प्रतीक्षेला सरसकट 'पूर्वतयारीचा काळ' म्हणून गौरवण्यात हाच धोका आहे. त्या नावाखाली रांग, कागद आणि निंदा हे सगळेच पवित्र होऊन बसतात.

हा लेख लिहीत असताना मॅडमची तारीख ठरली आहे आणि यकृताचे दोन आठवडे सुरू झाले आहेत. आम्ही त्यांना मसुदा वाचून दाखवला. 'पूर्वकर्म' हा शब्द त्यांना आवडला. मात्र त्यांनी एक दुरुस्ती सुचवली आणि आम्ही ती जशीच्या तशी नोंदवत आहोत. "आठांतले तीन महिने पूर्वकर्म होते, हे मान्य," त्या म्हणाल्या. "उरलेले पाच ताटकळणेच होते. त्याला चांगले नाव देऊ नका."