डिस्क कंट्रोलर ड्रायव्हर, यंत्रनिरपेक्ष (नेटबीएसडी)

डिस्क आणि मेमरी यांच्यातील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपला चालवणारा, पण विशिष्ट प्रोसेसरशी किंवा बसशी न बांधलेला ड्रायव्हर. इंटेल, स्पार्क, अल्फा, मिप्स, मोटोरोला ६८००० कुळ अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या यंत्रांवर मूळ कोड एकच राहावा, हा त्यामागचा हेतू. १९९३ मध्ये सुरू झालेल्या नेटबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीने तो विशेष काटेकोरपणे पाळला.

खुद्द चिपची अडचण क्वचितच असते. एनसीआर कंपनीच्या ५३सी९० कुळातील, डिस्क जोडण्याच्या ‘स्कझी’ पद्धतीच्या चिपा सनच्या स्पार्कस्टेशनमध्ये होत्या, डेकस्टेशन ५०००/२०० मध्ये होत्या आणि ॲपलच्या क्वाड्रा मॅकिंतॉशमध्येही. आज्ञा जवळपास त्याच. निराळा होता तो चिपपासून मेमरीपर्यंतचा रस्ता. स्पार्कस्टेशनमध्ये त्यासाठी वेगळी डीएमए चिप होती, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणारी. डेकस्टेशनमध्ये डेटा आधी १२८ किलोबाइटच्या बफरमध्ये उतरे आणि तिथून प्रोसेसर तो उचली. बऱ्याच क्वाड्रांमध्ये तर खरे डीएमए नव्हतेच. बाइट ओढण्याचे काम प्रोसेसरच्याच गळ्यात. नेटबीएसडीने चिपचे सगळे ज्ञान एका सामाईक फाइलमध्ये ठेवले. रजिस्टर वाचणे-लिहिणे, डीएमए मांडणे, सुरू करणे, थांबवणे एवढी मोजकी फंक्शने मात्र प्रत्येक यंत्राने आपापली पुरवायची.

निरनिराळ्या यंत्रांत बसणाऱ्या, पीसीआय आणि आयसा या बसांच्या कार्डांसाठी याहून व्यापक, दोन थरांची सोय लागली. ‘बस-स्पेस’ या पहिल्या थरातून रजिस्टरांपर्यंत पोहोचता येते. सुरुवातीच्या अल्फा प्रोसेसरांना एकटा बाइट वाचण्या-लिहिण्याची सूचनाच नव्हती. तिथे पत्त्यांची विशेष मांडणी करून काम भागवावे लागे, पण ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. बाइटक्रमही हाच थर सांभाळतो. इथे एक खाच आहे: पीसीआयवरील रजिस्टरातील संख्या बिग-एंडियन (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर उलटवून घ्यावी लागते, पण आयडीई डिस्कच्या डेटा-पोर्टमधून येणारे बाइट जसेच्या तसे मेमरीत जायला हवेत. दोन्हींना एकच नियम लावला, तर डिस्क ओळखली जाते, पण तिच्यावरचे सगळे बाइट जोडीजोडीने उलटे दिसतात.

दुसरा थर ‘बस-डीएमए’. तो जेसन थॉर्पे यांनी रचला आणि १९९८ च्या नेटबीएसडी १.३ मधून सर्वांच्या हाती आला. ॲडाप्टेक १५४२ सारख्या आयसा कार्डाला २४ बिटांचे पत्तेच कळतात, म्हणजे १६ मेगाबाइटपलीकडची मेमरी त्याला दिसत नाही. पीसीवर अशा वेळी मध्ये तात्पुरता बफर वापरून डेटाची नक्कल करावी लागते. अल्फावर पत्ते बदलून देणारे हार्डवेअर हाताशी असल्याने नक्कल टळते. ड्रायव्हर दोन्हीकडे तोच. तो फक्त ‘हा बफर या उपकरणाला दिसेल असा कर’ एवढेच सांगतो.

सहज चुका होतात त्या कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीच्या बाबतीत. अनेक मिप्स यंत्रांत डीएमए आणि कॅश एकमेकांची दखल घेत नाहीत. म्हणून लिहिण्यापूर्वी कॅशमधला मजकूर मेमरीत उतरवावा लागतो आणि वाचनाच्या वेळी कॅशमधली शिळी प्रत रद्द करावी लागते. बस-डीएमएमध्ये त्यासाठी ‘सिंक’ ही स्वतंत्र पायरी आहे. पीसीवर कॅशचा मेळ हार्डवेअरच घालते, त्यामुळे ड्रायव्हर लिहिणारा ही पायरी विसरला तरी तिथे बहुधा काही बिघडत नाही. तोच ड्रायव्हर मिप्सवर नेला, की कोणतीही सूचना न देता फाइली नासू लागतात. ड्रायव्हर पीसीवर वर्षभर नीट चालला, हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा मानता येत नाही.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त कार्यप्रणालीने बस-डीएमएची कल्पना आपल्या पद्धतीने बदलून घेतली. लिनक्समध्येही डीएमए मॅपिंगची स्वतंत्र पद्धत आहे.

बूटिंगचा प्रश्न मात्र ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरचा. पीसीसाठी बनवलेल्या स्कझी कार्डाच्या रॉममध्ये इंटेल प्रोसेसरचाच कोड असतो. ‘ओपन फर्मवेअर’ या निराळ्या बूट-व्यवस्थेच्या पॉवर मॅकिंतॉशला तो चालवता येत नाही. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, दुसरीकडून लोड केला, तर त्याच कार्डावरील डिस्क वापरता येते.