नत्राची परतवाट

१९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी एक छोटा वैद्यकीय निबंध प्रसिद्ध केला. खेड्यांतील काही तान्ह्या बाळांचे अंग निळसर पडत होते. हृदयात वा फुप्फुसात मात्र दोष सापडत नव्हता. कॉम्ली यांनी बोट ठेवले ते घरच्या विहिरीवर. बाळांचे दूध ज्या पाण्यात कालवले जाई, त्यात नायट्रेट भरपूर होते. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप पालटते आणि ते लोह प्राणवायू वाहून नेईनासे होते. पोटाचा संसर्ग हाही या आजाराला हातभार लावतो, असे पुढील संशोधकांनी दाखवले. तरी पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटला मर्यादा हवी, हा विचार रुजला तो याच निबंधामुळे.

कॉम्ली यांच्या काळी दोष मुख्यतः उथळ, घाणीच्या सान्निध्यातील विहिरींचा होता. नंतर त्यात खताची भर पडली. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजन उत्प्रेरकाच्या साहाय्याने अमोनियात बांधून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती कृती कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. स्वतंत्र भारतात सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. हरितक्रांतीने देशाची भूक भागवली, यात शंका नाही. पण शेतात टाकलेला सगळा नत्र पिकाच्या मुखी लागत नाही. उरलेल्यापैकी बराच नायट्रेट होऊन पावसाच्या व सिंचनाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो. मातीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटचा आयनही ऋणभारित. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. गावाच्या सांडपाण्याची आणि शेणमूत्राची भर वेगळीच.

परिणाम समोर आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात सुमारे २० टक्के नमुने या मर्यादेपलीकडे गेलेले आढळले. राजस्थान, कर्नाटक आणि तामिळनाडू ही राज्ये त्यात आघाडीवर आहेत. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने ते अधिक दाट होते. आरओ यंत्र ते वेगळे करते, पण नष्ट करीत नाही. यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी गटारात वा परसात सोडले, की तेच नायट्रेट पुन्हा जमिनीत जाते. आपण प्रदूषण एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओततो, एवढेच.

या दुष्टचक्राबाहेरची एक वाट १९८९ मध्ये जर्मनीतील फोरलोप आणि टाके यांनी दाखवली. विचार साधा होता. उत्प्रेरकाने हवेतला नत्र बांधता येतो, तर उत्प्रेरकानेच पाण्यातला नत्र सोडवून हवेत परत का पाठवू नये? एकटे पॅलेडियम हायड्रोजनच्या साहाय्याने नायट्राइटचे क्षपण सहज करते, पण नायट्रेटपुढे ते हतबल ठरते. त्याला तांब्याची जोड दिली आणि काम जमले. तांबे नायट्रेटमधला एक ऑक्सिजन काढून घेते व स्वतः ऑक्सिडीकृत होते. पॅलेडियम हायड्रोजनचा रेणू फोडून तांब्याला पूर्वरूपात आणते आणि नायट्राइटचा पुढचा प्रवासही घडवते.

खरी कसोटी त्या पुढच्या प्रवासातच आहे. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नत्राचे दोन अणू एकमेकांना भेटले, तर निरुपद्रवी नायट्रोजन वायू बनतो. एकट्या अणूला भोवती हायड्रोजनच भेटला, तर अमोनिया बनतो. आता हिशेब मांडू. लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यात नत्र सुमारे २२.६ मिलिग्रॅम असतो. अमोनियाच्या रूपातील नत्राला भारतीय मानक अवघे ०.५ मिलिग्रॅम मुभा देते. म्हणजे सगळ्या नायट्रेटचे क्षपण केले, तर नत्राच्या दर शंभर अणूंपैकी जेमतेम दोनच अमोनियाकडे वळलेले चालतील. शिवाय क्रियेत हायड्रॉक्साइड तयार होऊन पाणी अल्कधर्मी होते, आणि तसे झाले की अमोनियाचे प्रमाण वाढते; म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडून सामू आवरावा लागतो. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात हे साधते. विहिरीच्या पाण्यातील क्लोराइड, सल्फाइड व सेंद्रिय द्रव्ये मात्र उत्प्रेरकाची जागा अडवतात वा त्याला निकामी करतात. त्यात पॅलेडियम महाग आणि हायड्रोजन हाताळणे जोखमीचे.

गेल्या काही वर्षांत संशोधकांनी प्रश्नच उलटा केला आहे. अमोनिया टाळण्याऐवजी विजेच्या साहाय्याने नायट्रेटपासून मुद्दाम अमोनियाच बनवावा आणि तो खत म्हणून पुन्हा शेताला द्यावा. आरओच्या टाकाऊ पाण्यासारख्या दाट द्रावणाला ही कल्पना अधिक शोभते. पिण्याच्या पाण्यासाठी जुनेच ध्येय, म्हणजे नायट्रोजन वायू, योग्य ठरते.

हा इतिहास विद्यार्थ्यांनी वाचावा तो एका कारणासाठी. हाबर यांच्यापुढचा प्रश्न अतिशय घट्ट बंध तोडण्याचा होता; फोरलोप आणि टाके यांच्यापुढचा प्रश्न नेमक्या ठिकाणी थांबण्याचा. दुसरा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तो सुटेपर्यंत सर्वांत स्वस्त उपाय शेतातच आहे: पिकाला लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच नत्र द्यावा. कारण जो नायट्रेट विहिरीत उतरलाच नाही, त्याला परत काढण्यासाठी कोणत्याही उत्प्रेरकाची गरज पडत नाही.